सावकाश शिकण्याचे संमतीपत्र

पाचवीला गणित शिकवणाऱ्या बाई रोज तासाची शेवटची दहा मिनिटं नियमाबाहेर वापरत असत. एकेचाळीस मुलांना उदाहरणं घालून द्यायच्या आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. तिथे बेचाळिसावी बसायची. सदानकदा पेन्सिल चावते म्हणून वर्गाने तिचं नाव पेन्सिलच पाडलं होतं. तिच्या मते पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण पावाखाली चार लिहितात आणि अर्ध्याखाली दोन. आता यात तिचं तरी काय चुकलं? बाई कागदाच्या घड्या घालून दाखवत. अठराव्या दिवशी पोरीने आपणहून कागद उलगडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. अजून चार दिवस, की पोरीच्या डोक्यात प्रकाश पडतोच, अशी बाईंची खात्री झाली.

नेमकं तेव्हाच परिपत्रक आलं. यापुढे प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या कुवतीनुसार शिकवण्यात यावे. बाईंना बरं वाटलं. हे तर आपण करतोच, आता उघडपणे करू.

आधी प्रशिक्षण झालं. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेगाने कसं शिकवावं, हे तीनशे शिक्षकांना एकाच सभागृहात, एकाच वेळी, एकाच वेगाने शिकवण्यात आलं. चित्रकलेचे सर पहिल्या अर्ध्या तासातच मागे पडले. शंका शेवटी घेऊ, असं त्यांना सांगितलं, आणि शेवटी जेवणाची वेळ झाली.

मग प्रत्येक वर्गाचे तीन गट पडले : जलद, मध्यम आणि सावकाश. दुसऱ्या दिवशी फाटकाशी पालकांची ही गर्दी. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ, परिपत्रकाला विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नसत. त्यांनी कुणाचं मन दुखावू नये म्हणून गटांना त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ अशी नावं दिली. दुपारपर्यंत वर्तुळात कोण आहे ते शिपायालाही पाठ झालं. संध्याकाळी पालक पुन्हा हजर.

त्यावर वरून खुलासा आला. कोणत्याही विद्यार्थ्यास पालकांच्या लेखी संमतीशिवाय सावकाश शिकवू नये. ज्याचे संमतीपत्र नाही, तो जलद समजावा. शाळेने लगेच पाचशे संमतीपत्रं छापून घेतली.

बाईंनी जिवाचं रान केलं. वर्तुळातल्या सोळाही पालकांना बोलावून समजावलं, की यात कमीपणा काही नाही, मूल निवांत शिकेल इतकंच. पंधरा जणांनी ऐकून घेतलं आणि एकच उत्तर दिलं : घरी त्याला सगळं येतं, शाळेत घाबरतं फक्त. शेवटी पेन्सिलची आई आली. शिवणकाम करणारी बाई, ओढणीला दोरे चिकटलेले, तशीच मशीनवरून उठून आली होती.

"बाई, तुम्ही तिला कितीही सावकाश शिकवा, माझी ना नाही," ती म्हणाली. "पण सही मागू नका. पोर मोठी होईल, कागद तसाच राहील."

"अहो, तुमच्या एका सहीवर तिचं गणित अडलंय. त्यात लाजायचं काय?"

"तुमची धाकटी शेजारच्या वर्गात वर्तुळातच आहे ना? तिचं भरलंत?"

बाईंनी पर्स जवळ ओढली. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी कालच ते कोरं पत्र त्यांच्या हातात दिलं होतं. आणि आपण काय म्हणालो तेही त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. अहो, घरी तिला सगळं येतं, शाळेत घाबरते फक्त. पत्र अजून पर्समध्येच होतं. पेन्सिलची आई पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी करून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बेचाळीसच्या बेचाळीस मुलं जलद झाली. बाई सवयीने शेवटच्या बाकाकडे निघाल्या, तर मुख्याध्यापकांनी दारातूनच हटकलं. एका जलद मुलीवर दहा मिनिटं जादा खर्ची घातली, तर उरलेल्या एकेचाळीस जलद मुलांवर अन्याय नाही का होणार? बाई फळ्याशी परतल्या. घड्यांचा कागद पेन्सिलच्या दप्तरात गेला. बाईंना फार वाईट वाटलं. पण पर्स काही त्यांनी उघडली नाही.

महिन्याभराने तपासणी अधिकारी आले. त्यांनी नेमकं पेन्सिललाच उभं केलं.

"सांग बरं बाळ, अर्धा मोठा की पाव?"

"पाव," पेन्सिल ठामपणे म्हणाली.

अधिकाऱ्यांनी यादी पाहिली. मुलगी जलद होती, म्हणजे उत्तर चूक असणं शक्य नव्हतं. त्यांनी शेरा लिहिला : स्वतंत्र विचार करते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पेन्सिल हसली आणि बाईंकडे बघू लागली. बाई फळा पुसत होत्या, तो आधीच स्वच्छ होता.

शाळा आदर्श ठरली. सावकाश विद्यार्थी शून्य, असा फलक आता फाटकावर आहे. पाचशेपैकी चारशे नव्याण्णव संमतीपत्रं कचेरीच्या कपाटात कोरी पडून आहेत, एक बाईंच्या पर्समध्ये. बाहेरच्यांनाही ती विनामूल्य मिळतात, फक्त मुलाचं नाव घालून खाली सही करायची. तुमच्याही घरात शाळेत जाणारं कुणी असेलच. नाही, नाही, तुमच्याला घरी सगळं येतं, ठाऊक आहे.