बन्सीच्या पाण्याचा बंदोबस्त

लेक हिमानीच्या साखरपुड्याला चार दिवस उरले आणि वामन तांडेलाच्या खळ्यातल्या नव्या फरशा पुन्हा खचल्या.

सातपाटीत दारापुढची मासळी सुकवायची मोकळी जागा म्हणजे खळं. वामनने शिरगावच्या व्याह्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "हॉल कशाला? आमच्या खळ्यात दीडशे माणूस बसतंय." आता तिथे दीडशे बेडूक बसले असते.

"काका, खाली चिखल आहे," बोईसरहून आलेला फरशीवाला मेहुल म्हणाला. "खणावं लागेल."

"चैत लागला, चिखल कुटनं येल? तूच बादल्या ओतत नसशील ना?"

वामनचा स्वभावच तसा. बर्फाची लादी दोनदा मोजून घेणारा आणि सख्ख्या भावाने दिलेला चहाही आधी हुंगून पाहणारा माणूस तो.

मेहुलने निमूट खणलं. कमरेएवढ्या खड्ड्यात सिमेंटचा जुनाट पाईप निघाला. सांधा फुटलेला, पाणी पाझरत होतं. पाईप कुंपणाखालून थेट शेजारच्या बन्सीच्या खळ्यात गेला होता.

"गेला नाय, तिकडनं आलाय," वामनने निकाल दिला. "बन्शाचं सांडपानी!"

"आधी ढाळ बघू या ना काका. पाणी कुठून कुठे जातंय..."

"चाळीस वर्सं होडी हाकली मी. मला पानी शिकवतोस?"

तेवढ्यात कुंपणावरून बन्सी डोकावला. "वामन, जास्त खनू नको रं. कार्याच्या तोंडावर कशाला उकरतोस?"

झालं! वामनने घरात येऊन बायकोला गाठलं. "बगितलंस, जमना? चोराच्या मनात चांदनं!"

"अवो, गेल्या वर्सी तुमी पडलात तवा त्यानंच पालघरला दवाखान्यात नेलं."

"तवाच मला संशय आला होता. उगाच कोन कोनाला नेतंय?"

दुसऱ्या दिवशी बन्सी बंदरावर गेल्याची खात्री करून वामन खड्ड्यात उतरला. होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात तसा तेलातला कापूस आणि राळ कुटून त्याने पाईपाचं कुंपणाकडचं तोंड ठोकून भरलं. मग फुटका सांधाही बुजवला. काम इतकं चोख झालं, की त्या पाईपात बसून मुंबई गाठता आली असती. संध्याकाळी मेहुलने फरशा बसवल्या. जमिनीला टिपूस ओल नव्हती. वामन त्या रात्री गाढ झोपला.

शनिवारी सकाळी घिवलीहून पाहुणे आले. अकरा माणसांच्या आंघोळी झाल्या, दोन टोपल्या मासळी धुतली गेली, आणि जमना किंचाळली, "अवो, मोरीतलं पानी घरात येतंय!"

वामन बाहेर धावला. खळ्याच्या मधोमध फरशा फुगल्या होत्या. बघता बघता एक फरशी उलटली आणि खालून साबणाचं पाणी, खवल्यांसकट, भळाभळा वर आलं.

गुडघे चिखलाने माखलेल्या मेहुलने हळूच विचारलं, "काका, बन्सीकाकांचं पाणी बंद केलंत ना? मग हे कुणाचं?"

वामनने मोरीकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं.

उत्तर कुंपणापलीकडून आलं. "तू दर्यावर असताना तुज्या बापानं माज्या बापाला इचारून टाकलेला पाईप तो," बन्सी म्हणाला. "वीस वर्सं तुजी मोरी माज्या खळ्यात सांडते. पोरीच्या कार्याआदी तुला कशाला लाज आनायची, म्हून गप बसलो."

वामनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उद्या दीडशे माणूस येणार होतं आणि पोरीचा प्रश्न होता. तो कुंपणापाशी गेला. "बन्सी, एक दिवस तुजं खळं देशील?"

"इचारायचं काय? हिमानी काय परकी हाय?"

रविवारी बन्सीच्या खळ्यात साखरपुडा थाटात झाला. व्याही पाय पसरून ऐसपैस बसले आणि खूश होऊन म्हणाले, "खळं झ्याक हाय हां! एवढी मानसं वावरली, पन पायाला माती लागली नाय."

बन्सीची बायको साखरबाई पेढ्यांचं ताट घेऊन आली होती. ती वामनकडे बघत म्हणाली, "परवापतुर घोट्याएवढा चिखल होता इथं. भावजींनीच बंदोबस्त केला. आमी वीस वर्सं सांगायला लाजत होतो, त्यांनी आपनहून केला."

वामनने ताटातला पेढा उचलला आणि न हुंगता तोंडात टाकला.