स्वतःच्या चाकांवर आलेली गाडी

मोटारसायकल हे माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारं वाहन आहे, हा समज सुसंस्कृत समाजात केव्हाच मागे पडला आहे. निदान आमच्या श्रॉपशर परगण्यात तरी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडात बनलेल्या गाड्या जशाच्या तशा जपाव्यात म्हणून आमचं मंडळ स्थापन झालं आणि मी त्याचा मानद चिटणीस आहे. सभासदांकडे मिळून तीनशे चाळीस गाड्या आहेत. गेल्या वर्षी त्या सगळ्या मिळून दोन मैल चालल्या. (त्यातला दीड मैल एका सभासदाची गाडी उतारावर आपोआप सुटली म्हणून. त्याने लेखी माफी मागितली आहे.)

वार्षिक लिलावात येणाऱ्या प्रत्येक गाडीची आम्ही प्रत ठरवतो. सर्वोच्च प्रत 'कोंबडीस्पृष्ट', म्हणजे गाडी पन्नासेक वर्षं कोठारात पडून आहे आणि तिच्यावर कोंबड्यांच्या अनेक पिढ्या बसून गेल्या आहेत. विष्ठा पुसलेली नसावी. पुसली की इतिहास गेला. त्याखाली 'गंजलेली', मग 'पुरात बुडालेली', मग 'जळालेली'. अगदी शेवटी, केवळ नियमावली पूर्ण दिसावी म्हणून, 'वापरातली'.

एनिड हॉचकिसबाईंची गाडी या शेवटच्या प्रतीतली. ती त्यांच्या वडिलांनी १९३१ साली नवी घेतली, शेजारी एक माणूस बसेल अशी साइडकार जोडून. वडिलांच्या पश्चात बाईंनी ती रोज चालवली. पाव आणायला, चर्चला, गुरांच्या डॉक्टरकडे. इतकी बेपर्वाई मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आता वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खुब्याने असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली, म्हणून त्यांनी गाडी लिलावाला दिली. अट एकच घातली: घेणाऱ्याने ती चालवली पाहिजे.

आमचे अध्यक्ष लायनेल बेडोज यांनी त्यांना प्रेमाने समजावलं. "बाई, असल्या अटीने गिऱ्हाईक बिचकतं. त्यापेक्षा दहा वर्षं कोठारात टाका. हवं तर कोंबड्या मी पाठवतो."

"दहा वर्षांनी मी कुठे असेन?"

"तुमचं सांगता येणार नाही. पण गाडी उत्तम स्थितीत असेल."

लिलावाच्या दिवशी सगळ्या गाड्या नेहमीप्रमाणे ब्लँकेटात गुंडाळून, व्हॅनमधून आल्या. हॉचकिसबाई मात्र शेजाऱ्याकडून किक मारून घेऊन, भर पावसात, गाडी चालवत आल्या. मोटारसायकलींच्या लिलावाला कोणी मोटारसायकलवर बसून येईल, ही शक्यता आमच्या नियमावलीत नव्हती. फाटकावरच्या माणसाने कर्तव्य चोख बजावलं. ज्याअर्थी ही चालत आली त्याअर्थी ती लिलावाची असूच शकत नाही, असं म्हणून त्याने गाडी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावायला लावली. मी स्वतः त्याची पाठ थोपटली.

त्यामुळे सभागृहात बाईंच्या गाडीचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा तिथे नुसती मोकळी जागा होती. (तिच्यावरही दोन बोली आल्या. कोणीच कधी वापरलेली नाही म्हटल्यावर प्रत उत्तमच होती.)

तिकडे पार्किंगमध्ये भलतंच चाललं होतं. कीली रस्को ही आजारी म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊन मलमपट्टी करणारी नर्स. तिची स्कूटर नेमकी आमच्या फाटकासमोर बंद पडली होती, आणि या खेपेला कायमची. आमच्याकडची बस मागेच बंद झाली, तेव्हा गाडी नाही तर तिची नोकरीही नाही. स्कूटर ढकलत आत आणून ती बाईंच्या शेजारी उभी राहिली. (मी पार्किंगच्या पावत्या तपासत होतो, म्हणून हे कानावर पडलं.)

"आजी, ही चालते?"

"तुला चालवता येते का ते सांग."

"मोठ्या गाडीचा परवाना आहे. बाबांनी मागे लागून काढायला लावला. पण एवढी म्हातारी गाडी कधी चालवली नाही."

"म्हातारी कोणाला म्हणतेस गं? मार किक. अशी नाही, लाथाडू नकोस तिला. जरा दम धर, मग सगळं वजन टाक."

तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. आवाज सभागृहात पोचला आणि लिलाव थांबला. पुष्कळ सभासद असा आवाज प्रथमच ऐकत होते. एकाने आगीच्या बंबाला फोन केला.

"पण आजी, मला परवडायची नाही ही," कीली म्हणाली.

"तुला जमेल ते दे. आणि दर शनिवारी मला पाव आणायला न्यायचं."

बाई साइडकारमध्ये बसल्या. लहानपणी, वडील चालवायचे तेव्हा, त्यांची जागा तीच होती. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मला हात केला. मला भरून आलं. एक चांगली गाडी आपल्या डोळ्यांदेखत वाया जाताना बघणं सोपं नसतं. मंडळाने त्याच संध्याकाळी दुखवट्याचा ठराव एकमताने संमत केला.

तुम्ही आम्हाला हसताय, हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा. फक्त त्याआधी तुमच्या शोकेसमधला तो सोनेरी काठाचा कपबश्यांचा सेट जरा बघून या, लग्नात आलेला, खास पाहुण्यांसाठी ठेवलेला. त्याच्या तोलाचा पाहुणा अजून तुमच्याकडे आलेला नाही, आणि आज सकाळी तुम्ही स्वतः कान तुटलेल्या कपातून चहा प्यायलात. आमच्या गाड्यांवर निदान कोंबड्या तरी बसतात.