पडद्यावरची कावीळ

"जीभ दाखव," मेट्रनबाई म्हणाल्या.

"आई, मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"मग काय झालं? बेचाळिसाव्या वर्षी जीभ बाहेर येत नाही? दाखव."

मुलाने जीभ दाखवली. मेट्रनबाईंनी चष्मा सारखा केला आणि लॅपटॉपच्या पडद्याला नाक टेकेल इतक्या पुढे झुकल्या. मग त्याला डोळ्याची खालची पापणी ओढायला लावली, नखं कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. डोळे पिवळे, नखं पिवळी, जिभेचाही रंग धड नाही. "तुला कावीळ झालीय," त्यांनी सांगून टाकलं.

हा कॉल रोज संध्याकाळी सातला व्हायचा, पण त्यात प्रेम कमी आणि करार जास्त होता. पस्तीस वर्षं इस्पितळात काढून मेट्रनबाई निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत होत्या आणि मुलाला ते पसंत नव्हतं. बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. आई रोज सातला पडद्यावर धडधाकट दिसली पाहिजे. ज्या दिवशी दिसणार नाही, त्याच्या पुढच्या रविवारी टेम्पो येणार आणि सामानासकट आई मुलाच्या घरी जाणार. त्यांचा फोन बटणांचा होता, त्यात माणूस ऐकू यायचा पण दिसायचा नाही. त्यामुळे सगळी भिस्त अकरा वर्षांच्या लॅपटॉपवर होती.

मुलाचं घर वाईट नव्हतं. सूनही भली होती. पण तिथे त्यांना कुणी कपसुद्धा विसळू देत नसे. 'आई, तुम्ही बसा,' हे वाक्य सकाळी सुरू व्हायचं ते रात्रीपर्यंत. बसवून ठेवलेल्या माणसाचं काय होतं ते त्यांनी तीन वॉर्डांत डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांना बसायचं नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती.

"कावीळ?" मुलाचा आवाज बारीक झाला. एरवी तो आईच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडायचा, पण तिच्या नजरेपुढे भले भले डॉक्टर कसे तोंडघशी पडले, हे ऐकतच तो मोठा झाला होता. तो पांढराफटक पडला असणार, पण पडद्यावर पिवळाच राहिला.

"उद्या सकाळी उठल्या उठल्या रक्त दे. तळलेलं बंद. ग्लुकोजचं पाणी पीत राहा. आणि घाबरू नकोस, मी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंनी पेपर वाचायला लॅपटॉप उघडला, तर पेपरही पिवळा. त्यावर आडव्या रेघा. त्यांनी कॅमेरा सुरू केला, तर स्वतःचा चेहरा पिवळा. क्षणभर त्यांना वाटलं, आपल्यालाही झाली. मग चेहऱ्यामागची भिंतही पिवळी दिसली. ती मागच्याच महिन्यात त्यांनी स्वतः स्टुलावर चढून पांढरी केली होती. भिंतीला कावीळ होत नाही, एवढं वैद्यकीय ज्ञान त्यांना होतं.

तेवढ्यात फोन वाजला. सून होती. "आई, रक्त देऊन आलो. म्हटलं करतोच आहोत तर सगळ्याच तपासण्या करून घेऊ. रिपोर्ट संध्याकाळी मिळतील. पण हा आल्यापासून पडूनच आहे हो. हातपायच गाळलेत. ग्लुकोजचा तिसरा ग्लास चाललाय."

मेट्रनबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण मुलाने फोन ओढून घेतला. "आई," तो क्षीण आवाजात म्हणाला, "तू इथे असतीस तर किती बरं झालं असतं. सातला बोलू."

फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या. त्यांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत वाटली. पस्तीस वर्षांत एकाही पेशंटला ओळखायला नजर चुकली नव्हती आणि आता पोटच्या पोराला विनाकारण सुई टोचून घ्यायला लावली. आत्ता कबूल केलं तर तो म्हणणार, तुला दिसत नाही, तुझं मशीन चालत नाही, चल. आणि गप्प बसलं तर सातला पडदा बंद पडला की टेम्पो आहेच. चूक कबूल करायला त्यांची ना नव्हती. पण त्या ती ताठ मानेने, चालू पडद्यावर, समोरासमोर कबूल करणार होत्या. त्यांनी पदर खोचला.

आधी केबल लावून लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवरही तीच पिवळी चित्रं, त्याच रेघा. म्हणजे पडदा बरा होता, रोग आत होता. मशीनच्या पाठीवर हात ठेवला तर तवा. त्यांनी वही काढली आणि तक्ता आखला. सव्वानऊ, पिवळा, रेघा तीन. साडेनऊ, पिवळा, रेघा सात. अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावला तर चार मिनिटं स्वच्छ पांढरा, मग पुन्हा पिवळा. "ताप चढला की कावीळ," त्यांनी शेरा लिहिला. ताप म्हटल्यावर पुढचा उपचार त्यांना झोपेतसुद्धा ठाऊक होता.

बर्फाची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी लॅपटॉपखाली सरकवली. पाच मिनिटांत पडदा पांढरा झाला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, पांढराच. मेट्रनबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी चहा टाकला. त्या चहा गाळत असतानाच आतून टक् असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. गारठलेल्या पिशवीला बाहेरून घाम सुटतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण आजवरच्या पेशंटांच्या पाठीला हवा आत घ्यायची भोकं नव्हती.

त्यांनी झटकन प्लग काढला, बॅटरी काढली, लॅपटॉप टॉवेलवर पालथा घातला आणि वर पंखा लावला. तीन तास दर पंधरा मिनिटांनी त्याला कूस बदलून दिली. मग शालीत गुंडाळून काखोटीला मारला आणि दुरुस्तीवाल्याकडे निघाल्या.

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडीबोडकी मशीनं पसरली होती. त्याने बॅटरी घातली, बटण दाबलं. पडदा उजळला, पिवळा झाला, रेघा आल्या. त्याने लगेच झाकण मिटलं.

"ग्राफिक्स कार्ड गेलं, मावशी. चित्र काढणारी चिप असते ना, ती. यात ती बोर्डालाच डकवलेली आहे, सुटी बदलता येत नाही. किती वर्षांचा आहे हा?"

"अकरा."

"मग काय! वय झालं. सोडून द्या आता."

मेट्रनबाईंनी हे असंख्य वेळा ऐकलं होतं. वय झालं. निवृत्तीच्या समारंभात गोड शब्दांत ऐकलं होतं, मुलाच्या तोंडून काळजीच्या सुरात ऐकलं होतं. या दोन शब्दांना निदान म्हणणाऱ्यांचा त्यांना मनस्वी संताप होता, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पुढे काही बघायची इच्छा नसली की माणसं हे वाक्य टाकून हात झटकतात.

"उघडा," त्या म्हणाल्या.

"उघडून काही उपयोग नाही हो."

"न उघडताच मरणाचा दाखला देता? उघडा. आधी हात धुऊन या."

का कुणास ठाऊक, तो खरंच हात धुऊन आला. एकेक स्क्रू निघाला तसा मेट्रनबाईंनी तो कागदावर क्रमाने मांडला आणि शेजारी आकडा लिहिला. आत पंख्याच्या तोंडाशी धुळीचा गोधडीएवढा जाड थर बसला होता आणि चिपवरचा गारवा राखणारा लेप वाळून खपली झाला होता. "याला श्वासच घेता येत नव्हता!" त्या कडाडल्या. दुरुस्तीवाल्याने मुकाट्याने धूळ काढली, नवा लेप लावला, मशीन जोडलं. दहा मिनिटं पडदा झकास पांढरा होता. अकराव्या मिनिटाला पिवळा.

"बघा, मी म्हटलं होतं," तो म्हणाला, आणि त्याला बरंच समाधान वाटलेलं दिसलं.

साडेपाच वाजले होते.  मेट्रनबाईंना टेम्पो दिसायला लागला, त्यात दोरीने बांधलेलं त्यांचं कपाट, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर पिशवी घेऊन निमूट बसलेल्या त्या स्वतः. त्यांनी पिशवी टेबलावर आपटली.

"याला दुसरी किडनी आहे का?"

"काय?"

"माणसाची एक किडनी गेली तर तो दुसरीवर जगतो. याच्यात चित्र काढणारं दुसरं काही आहे की नाही?"

दुरुस्तीवाल्याचा हात डोक्याकडे गेला. "आहे की! प्रोसेसरमध्येच साधं ग्राफिक्स असतं. पण ते अगदीच बेताचं. मोठे गेम चालणार नाहीत त्यावर."

"मी गेम खेळते असं वाटतं तुम्हाला?"

त्याने सेटिंगमध्ये जाऊन आजारी कार्ड बंद करून टाकलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. पांढरा. मेट्रनबाई अर्धा तास स्टुलावर बसून राहिल्या, कारण ऑपरेशन झाल्या झाल्या पेशंटला घरी नेत नाहीत. पांढराच राहिला.

"मावशी, हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं?"

"तुम्ही त्याचं वय मोजत बसलात म्हणून."

सातला मुलगा पडद्यावर आला. केस विस्कटलेले, अंगावर चादर, हातात ग्लास, आणि रंग अगदी रोजचा गव्हाळ. मेट्रनबाईंनी घसा खाकरला आणि एका दमात सगळं सांगितलं. कावीळ लॅपटॉपला होती. चूक माझी. लॅपटॉप आता बरा आहे.

चादर बाजूला पडली. "म्हणजे मला काहीच झालेलं नाही? मी रक्त दिलं, रजा टाकली, दिवसभर उकडलेलं गिळलं... आई, बास झालं! आता मी काही ऐकणार नाही. रविवारी टेम्पो येतोय."

"अरे, थांब जरा," मागून सून हातात कागद घेऊन आली. "रिपोर्ट आलेत. कावीळ नाहीये. पण साखर दोनशे ऐंशी आहे, तीही उपाशीपोटी."

"ते आईने ग्लुकोज प्यायला लावलं म्हणून!"

"काल रात्री दोन ग्लास प्यायलास, पण इथे तीन महिन्यांची सरासरीसुद्धा दिलीय. तीही वाढलेलीच आहे."

 मुलाने ग्लास हळूच कॅमेऱ्याबाहेर ठेवला. मेट्रनबाईंनी वहीचं कोरं पान काढलं आणि त्यावर तक्ता आखायला सुरुवात केली.

"टेम्पो सकाळी लवकर सांग," त्या म्हणाल्या. "मी येतेच. पहाटे साडेपाचला उठवीन, तासभर चालायचं. बिस्किटांचे डबे माझ्या ताब्यात. रोज वजन, रोज नोंद. ऑफिसमध्ये काय खाल्लंस ते रात्री मला लिहून द्यायचं."

"आई, तुम्ही याच," सून मनापासून म्हणाली. "टेम्पोचं मी बघते."

"अगं, कशाला उगीच!" मुलगा घाईघाईने म्हणाला. "तिचं तिकडे सगळं बस्तान बसलेलं आहे. शेजारपाजार आहे, हवा चांगली आहे. लॅपटॉपही आता छान चालतोय, किती स्पष्ट दिसतेय बघ! आणि या वयात... म्हणजे वयाचा काही प्रश्नच नाही म्हणा. आई, तू तिथेच राहा ना. प्लीज."

 तुझी काळजी वाटते, मेट्रनबाई म्हणाल्या. मनाला पटत नाही, म्हणाल्या. शेवटी रोज सातला साखरेचा आकडा दाखवायच्या अटीवर, मुलाच्या फारच आग्रहाखातर, त्या स्वतःच्या घरात राहायला तयार झाल्या.