सोळा एमबीत अकरा संचालक

डोंगरकडा गावच्या शाळेला शहरातल्या कुठल्याशा कार्यालयाने टाकून दिलेले आठ संगणक मिळाले. मेमरी प्रत्येकी सोळा एमबी. मूळची प्रणाली सुरू होता होताच मान टाकायची. त्यात वरून पत्र आलं: सोमवारी तपासणी, यंत्रं बंद दिसली तर वसमतच्या शाळेला हलवू.

देविदास सरांनी महिनाभर खपून लिनक्स ही दुसरी, फुकटची प्रणाली कांद्यासारखी सोलली. चित्रं गेली, आवाज गेला, शाळेत नसलेल्या प्रिंटरची सोयही गेली. उरलं ते एका फ्लॉपीत मावलं: काळा पडदा, पांढरी अक्षरं, पाढे आणि टायपिंग. चाळीस सेकंदांत सुरू! नमनात वेळ न दवडता बुवांनी थेट अभंगाला हात घालावा, तसं.

शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष धर्मसिंगभाऊ बघायला आले.

"सर, हे काळं तोंड साहेबाफुडं ठेवायचं?"

"भाऊ, मेमरी कमी हाय. एवढं काढलं म्हणून तर चालून राहिलं."

"काढा की. पण सुरुवातीला अध्यक्षाचा एक फोटो येऊ द्या. बस."

सरांनी तो संगणकात घातला. सुरू व्हायला दोन मिनिटं लागू लागली. शनिवारी भाऊ फोटोंचं पाकीट घेऊन हजर.

"दहा संचालक रुसले. हरिनाम सप्त्याच्या पत्रिकेतून आपण आजवर कुणाचं नाव गाळलं का? वाढवलंच ना?"

"पत्रिका मोठ्या कागदावर छापता येते, भाऊ. मेमरी कुठून मोठी करू?"

"जरा सरकून बसवा त्यांना."

सर कपाळ धरून फोटो बसवत होते, तेवढ्यात मुख्याध्यापिका शकुंतलाबाई आल्या. "संचालकांच्या आधी सरस्वती नको? देवीला मागं ठेवता?"

देवीला नाही म्हणायची सरांची छाती नव्हती. सरस्वती बसली. मग शिपाई नामाजी म्हणाला, "सर, देवीफुडं टाळ-मृदंग न्हाई? मुकीच काहून बसवून राहिले तिला?" सरांनी त्याला फक्त हात जोडले.

सोमवारी तपासणीचे साहेब समोर बसले. सरांनी बटण दाबलं. तीन मिनिटांनी सरस्वतीचा मुकुट आला, मग कपाळ. साहेब चुळबुळले. शकुंतलाबाईंनी खूण केली तसा नामाजीने कोपऱ्यात टाळ काढून विठ्ठलाचा गजर धरला. साहेबांनाही भिडेखातर टाळ्या वाजवाव्या लागल्या. गजर तिसऱ्यांदा टिपेला पोचला तेव्हा कुठे सहावा संचालक पूर्ण झाला. सातवे पेमाकाका. त्यांचं पागोटं आलं, भुवया आल्या आणि मिशीपाशी यंत्र ठप्प.

पेमाकाका तिथंच बसलेले. "माझ्यापाशीच काहून अडलं? कुणी सांगितलं याला?"

"काका, मेमरी भरली."

"माझ्याच टायमाला भरली व्हय?"

"आन् मागं चार जण उभे हायेत, त्यांचं काय?" भाऊ ओरडले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आठही यंत्रं टेम्पोत घाला."

देविदास सरांचं डोकं सटकलं. त्यांनी सरळ वीज बंद केली, खिशातली जुनी फ्लॉपी आत ढकलली आणि पुन्हा बटण दाबलं. ना देवी, ना अध्यक्ष. काळा पडदा उजळला.

"सतराचा पाढा?" साहेबांनी शंका घेतली.

साहेब स्वतः सतरा चोकपाशी अडखळत होते, तोवर पडद्यावर सतरा दाहे झालं होतं.

"सोळा एमबीत? वा! यंत्रं हलवायचं रद्द."

भाऊंनी साहेबांसाठी आणलेली शाल तिथल्या तिथे सरांच्या खांद्यावर टाकली. महिन्यात पहिल्यांदा सर हसले.

"उलट असं करू," साहेब उठता उठता म्हणाले, "जिल्ह्यातली बंद पडलेली यंत्रं इथंच पाठवतो. मेमरी आठच आहे त्यांची, पण तुम्ही आहात ना! पंधरा दिवसांत चालू करून अहवाल द्या."

गुरुवारी टेम्पो आला. सरांनी पहिलं यंत्र उघडलं. आठ एमबी. दुसरं उघडलं. चार. तिसऱ्यात मेमरीच नव्हती. कुणीतरी काढून नेली होती.

"मान वाढला हो तुमचा," शकुंतलाबाई मनापासून म्हणाल्या.

फाटकाकडून नामाजीची हाक आली, "सर, या लवकर! मागं अजून एक टेम्पो येऊन राहिला!"