प्रदीपचे बारा अर्ज

प्रदीप नऊ वर्षं माऊलीशेठची गाडी चालवत होता. लोणावळा स्टेशनवर पर्यटक भरायचे, भुशी धरणावर सोडायचे, भिजलेले परत आणायचे आणि मग सीट पुसत बसायचं. यंदा त्याने ठरवलं, पुसायचीच तर स्वतःची सीट पुसू. तळेगावात एक जुनी सात सीटर विकायला होती आणि विकणारा महिनाभर थांबणार होता. बँकेतल्या अपेक्षा मॅडमनी त्याच्या कर्जाच्या अर्जाचे कागद बघितले. सिबिल स्कोअर सातशे छप्पन्न, काळजी नको, पंधरा दिवसांत कळवते, म्हणाल्या.

पंधरा दिवस प्रदीपला पचले नाहीत. बँक नाही म्हणाली तर? स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट बघता बघता त्याने मोबाइलवरून एका फायनान्स कंपनीकडे अर्ज टाकला. पाच मिनिटांत झाला. इतकं सोपं काम आयुष्यात कधी जमलं नव्हतं, म्हणून आठवडाभरात त्याने ते आणखी नऊ कंपन्यांकडे केलं.

मग फोन सुरू झाले. पलीकडून गोड आवाजात कुणी ना कुणी त्याला ‘प्रदीप सर’ म्हणायचं. घरी बायको स्नेहल ‘अवो’ म्हणायची, माऊलीशेठ ‘ए पद्या’. सर म्हणणारा माणूस ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तो भुशीच्या चढाला गाडी कडेला घेऊन सविस्तर बोलायचा. एका फेरीत तर मागच्या सीटवरच्या आजीबाईंना त्याची जन्मतारीख आणि पगार पाठ झाला. उतरताना त्यांनी तेवढ्या पगारात भागतं का, असं काळजीने विचारलंही.

पुढच्या आठवड्यात दहाही ठिकाणांहून नकार आले. बँकेत गेला, तर अपेक्षा मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. स्कोअर सहाशे एक्क्याऐंशी.

“आठ दिवसांत आम्हाला धरून अकरा ठिकाणी कर्ज मागितलंत तुम्ही. प्रत्येकाने तुमचा रिपोर्ट उघडला आणि प्रत्येकाची इथे नोंद झाली.”

“पण मॅडम, एकानंबी दिलं न्हाई.”

“दिलं नसलं तरी मागितल्याची नोंद राहते. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस फार अडचणीत आहे.”

प्रदीपला ते त्याच्या परीने कळलं. वाटी घेऊन अख्ख्या आळीत साखर मागत फिरलं, तर आपल्या घरात चूल पेटत नाही असंच लोक धरणार. मॅडमनी सांगितलं, सहा महिने कुठे काही मागू नका. पण सहा महिन्यांनी गाडीही गेली असती आणि सीझनही.

झालेलं निस्तरायला म्हणून त्याने सगळ्या कंपन्यांना फोन लावून नाकारलेले अर्जही रद्द करून नोंद पुसायला सांगितलं. त्यातल्या एका पोरीला त्याची दया आली. सर, थांबा, तुमच्यासाठी खास काहीतरी बघते, आलेला ओटीपी सांगा, म्हणाली. त्याने सांगितला. तो बारावा अर्ज होता.

रात्री जेवण न करताच तो भिंतीकडे तोंड करून पडला. स्नेहलने त्याच्या तोंडून सगळं काढून घेतलं. ती चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पगार खात्यात जमा व्हायचा. घरातला फ्रीज तिच्या नावावर हप्त्याने घेतलेला, कारण त्या दिवशी दुकानात यायला प्रदीपला कंटाळा आला होता. एकही हप्ता तिने चुकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती रजा काढून प्रदीपला घेऊन बँकेत गेली आणि एकच अर्ज भरला. स्कोअर निघाला सातशे अठ्ठ्याऐंशी. प्रदीप खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “माजं नाव जोडा की संगं. बळ येईल.”

“त्यांचं नाव नको,” मॅडम स्नेहलला म्हणाल्या. “तुमचं एकटीचंच चांगलं आहे.”

हे त्या फक्त कर्जाबद्दल बोलतायत, की एकूणच, हे प्रदीपला विचारायचा धीर झाला नाही.

विकणाऱ्याची मुदत संपायच्या दोन दिवस आधी गाडी आली. कागदावर मालक म्हणून स्नेहलचं नाव आलं. कुठल्या भाड्याला हो म्हणायचं, सोमवारी सुट्टी द्यायची की नाही, हे तीच ठरवू लागली. प्रदीपला तिने ठरलेला पगार लावला, माऊलीशेठपेक्षा दोनशे रुपये कमी.

एकदा स्टेशनबाहेर माऊलीशेठ भेटले. गाडी न्याहाळत त्यांनी विचारलं, “काय पद्या, नवा मालक कसा हाय?”

प्रदीपने आधी आजूबाजूला बघून घेतलं.

“लय कडक हाय, शेठ,” तो म्हणाला. “पन जेवायला घालतो.”