सोडियम अतिरिक्त ठरतो

आमच्या कारखान्यात हात धुण्याचा द्रव साबण होतो. त्याला दाटपणा देणाऱ्या रसायनाची जबाबदारी माझी. हे रसायन म्हणजे एक लांबलचक साखळी. तिच्या कड्याकड्यांवर ऋण भार आणि प्रत्येक भारामागे सोडियमचा एक कण. साखळी पाण्यात छान विरघळते, साबण मधासारखा ओघळतो. सगळं सुरळीत चाललं होतं, त्यामुळे चौकशी होणं भागच होतं.

नवे बचत अधिकारी म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. कचेरीत मी त्याला साहेब म्हणतो.

"भाऊजी, एका जागेला एक सोडियम? चैन आहे की!"

"साहेब, तो पाण्यात मोकळा फिरतो. म्हणून कड्या एकमेकींना ढकलतात आणि साखळी पसरून राहते."

"म्हणजे कामाच्या वेळेत भटकतो! आपला कॅल्शियम बघा. एकटा दोन जागा सांभाळतो आणि हलत नाही."

"अहो, तो दोन कड्या धरून ओढेल. सगळ्याचा गोळा होईल!"

"गोळा काय म्हणता? एकजूट म्हणा."

सोडियमला अतिरिक्त घोषित करण्यात आलं. बाटलीत वर पाणी, खाली गोळा. जाहिरात झळकली: 'नवा साबण, आता अधिक संघटित!' मी थयथयाट केला, तेव्हा साहेबांनी लेखी आदेश काढला: महिन्याभरात एक जरी तक्रार आली, तर सोडियम परत आणि मी कायम. नाही आली, तर कॅल्शियम कायम आणि मी अतिरिक्त.

घरी बायको बाटली उलटी करून बुडावर थापा मारत होती.

"अगं, तक्रार कर ना!"

"माझ्या भावाची? काहीतरीच काय! आणि कॅल्शियम हाडांना चांगलं असतं."

"हात धुवायचेत गं, प्यायचा नाहीये!"

मी तक्रार विभागाच्या फोनशेजारी ठाण मांडलं. महिना सरता सरता तो वाजला. माझ्या जिवात जीव आला. गृहस्थ अदबीने म्हणाले, "साबण उत्तम आहे हो. गोळा उकरायला काडी कुठे मिळेल?"

कंपनी आता काडीही विकते. मी घरी बसून असतो.

कंपनीने जाहिरातीत थापा मारल्या, हे मला मान्य आहे. पण वाचकहो, रोज सकाळी तुमच्या न्हाणीघरातून ऐकू येतात, त्या कोण मारतं?