आपण पुन्हा करून बघू

प्रयोगशाळेतल्या फ्रीजवर पाटी आहे : ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत.’ आत डॉक्टरांचा डबा आहे.

नळ्या गरागरा फिरवणारं सेंट्रिफ्यूज सुरू झालं की टेबल चालायला लागतं. ते धरून ठेवायला एक माणूस लागतो. त्याला शिष्यवृत्ती मिळते.

‘नवीन’ला इथे येऊन बरीच वर्षं झाली. (त्याच्यानंतर कुणी आलंच नाही.)

दुसऱ्या शहरात एक नोकरी ताईची वाट बघते आहे. नोकऱ्यांना वाट बघण्याची फारशी सवय नसते.

विज्ञानाची प्रगती सर्वनामांवर अवलंबून असते.

हे शेवटचं जरा सविस्तर सांगायला हवं. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ‘मी’ हा शब्द सरांचा. तो ते भाषणात आणि सही करताना वापरतात. ‘तू’ काचेचं काही फुटल्यावर. उरलेला सगळा कारभार ‘आपण’वर चालतो. सर म्हणाले, ‘आपण रविवारी येऊन हे संपवू,’ की ताई येते. ‘आपण सिंक साफ करू,’ म्हणाले की नवीन उठतो. ‘आपण’मध्ये सर असण्याचं प्रमाण एका पाहणीनुसार शून्य टक्के आहे. (पाहणी नवीनने केली, सिंक साफ करता करता.)

डॉक्टर म्हणजे पदवी मिळूनही न गेलेले गृहस्थ. सरांचं वाक्य संपलं की ‘अगदी!’ म्हणणं ही त्यांची जबाबदारी. ताई सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी; सरसुद्धा तिला ताईच म्हणतात. तिचा प्रबंध लिहून तयार होता. फक्त सरांची सही राहिली होती.

अशात ब्लँक पिवळी झाली.

ब्लँक म्हणजे जिच्यात सगळं घालतात, फक्त एन्झाइम सोडून, ती नळी. एन्झाइम काम करतं तेव्हा नळी पिवळी होते. नसेल तिथे पिवळं व्हायचं कारण नाही. सरांचं नाव याच एन्झाइमवर उभं आहे. ताईने एन्झाइम घातलेली आणि न घातलेली, अशा दोन्ही नळ्या बैठकीत शेजारी शेजारी ठेवल्या. जुळ्या बहिणी शोभल्या असत्या.

“नळ्या नीट धुतल्या होत्यास?” सर म्हणाले.

“नव्या आहेत, सर.”

“पाणी खराब असेल,” डॉक्टर म्हणाले.

“पाणी बदलून बघितलं.”

“घाबरायचं नाही, ताई. आपण पुन्हा करून बघू,” सर म्हणाले.

ताईने पुन्हा केलं. पिवळी. आपण आणखी एकदा केलं. पिवळी. ताई म्हणाली, “सर, रंग आपोआप येतोय. आपलं एन्झाइम बहुतेक काहीच करत नाहीये.”

सरांनी नळी उजेडात धरून फिरवली. थोर माणसांना थोर विचार असेच सुचतात.

“याचा अर्थ कळला का तुम्हाला? आपलं एन्झाइम इतकं प्रभावी आहे, की ते नसतानाही काम करतं!”

“अगदी!” डॉक्टर म्हणाले.

“मग घालायचंच कशाला?” नवीनने विचारलं. (सिंक पुन्हा तुंबलं होतं, हे सरांना तेव्हाच आठवलं.)

विचार करता सरांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. सर वर्षातला निम्मा काळ दौऱ्यावर असतात, तरी प्रयोगशाळा चालते आणि श्रेय त्यांनाच मिळतं. मग एन्झाइमलाच वेगळा न्याय का?

“ताई, आपण हे शेवटच्या प्रकरणात घालू,” सर म्हणाले. “मग मी सही करतो.”

ताई उठून खिडकीशी गेली. मग परत येऊन बसली आणि म्हणाली, “कुठल्या शब्दांत घालू, सर?”

‘अनुपस्थितीतील क्रियाशीलता’ हे प्रकरण परीक्षकांना सर्वाधिक आवडलं. ताईला पदवी मिळाली, नोकरीही मिळाली. आता तिचे स्वतःचे विद्यार्थी आहेत, आणि ती त्यांच्याशी फार आपुलकीने बोलते. सगळं ‘आपण’च.

वाचकहो, तिने तिथेच ठामपणे नाही म्हणायला हवं होतं, असं आपल्याला वाटत असेल. अगदी! अशा वेळी आपण नाही म्हणायलाच हवं. उद्या ऑफिसात गेल्यावर आपण सुरुवात करू.

प्रवेशाच्या मुलाखतीत ताईला विचारलं होतं, शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून इथे कशाला येता? ती म्हणाली होती, “शाळेत उत्तर आधी ठरलेलं असतं.” तिची निवड एकमताने झाली.